पत्रिका जुळू नये म्हणून

पत्रिका जुळू नये म्हणून ज्योतिषाचे पाय धरणारा बाप पनवेल तालुक्यात माझ्याआधी कोणी झाला असेल असं वाटत नाही. लोक जुळावी म्हणून जातात. वेळ खोटी सांगतात, शांत करतात, पोरीचं आधी पिंपळाशी लग्न लावून मोकळे होतात. मी नेमका उलट्या दिशेने निघालो. आणि मी म्हणजे कोण? तर पंचवीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेला आणि 'नशीब नावाची पळवाट' ह्या विषयावर नवीन पनवेलातल्या गणेशोत्सवांत, ज्येष्ठ नागरिक संघात आणि एकदा तर चुकून सत्यनारायणाच्या मांडवात व्याख्यान झोडलेला माणूस. त्या मांडवात प्रसाद मिळाला नाही, पण बाकी सगळीकडे शाल मिळाली.

झालं असं, की दोन हजार अकराच्या फेब्रुवारीत आमच्या रियाने जेवताना सांगितलं, "बाबा, मी कल्पेशशी लग्न करणार आहे." कल्पेश तिच्याच ऑफिसात, बंदराकडे. मुलगा उरणजवळच्या मोऱ्याचा. वडील बुधाजी, त्यांची स्वतःची होडी, आई शांती मासळी बाजारात बसते. मी दोनदा भेटलो होतो त्याला. हुशार, नम्र, माझ्यापेक्षा चांगलं इंग्रजी. नाव ठेवायला जागाच नाही, आणि ह्याचाच मला राग आला होता.

मी म्हणालो, "छान!" दुसरं काय म्हणणार? आयुष्यभर 'माणसाने आपली निवड आपण करावी' असं माईकवरून ओरडलेल्या माणसाला अशा वेळी 'छान'खेरीज दुसरा शब्दच उरत नाही. पोरीने निवड करावी, जरूर करावी, पण ती मी केली असती तशी करावी, एवढीच माझी माफक अपेक्षा होती.

आमची ही दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "अहो, तुम्ही नाही म्हणा ना."

"मी? मी कसा नाही म्हणू? लोक काय म्हणतील? तू म्हण."

"मी म्हटलं तर ती ऐकणार आहे का? आणि माझ्या मनाचं म्हणाल तर मला कळतच नाहीये. पत्रिका असती तर निदान बघितली असती. ती तुम्ही करूच दिली नाहीत."

आणि त्या क्षणी माझ्या डोक्यात असा प्रकाश पडला की लाज वाटावी. पत्रिका! मी नाही म्हणायचं नाही. हिनेही म्हणायचं नाही. ग्रहांनी म्हणायचं! हिचा पत्रिकेवर गाढ विश्वास, रियाचा हिच्यावर जीव. गुण जुळत नाहीत म्हटल्यावर ही रडणार, आई रडली की पोरगी वाकणार, आणि मी कोपऱ्यात उभा राहून "माझा विश्वास नाही बुवा, पण तुझ्या आईच्या मनाचा विचार..." एवढं म्हटलं की काम फत्ते. पुरोगामी तो पुरोगामी, आणि जावईही टळला!

आमच्या पनवेलात पत्रिकेसाठी नाव एकच, दाजी. सगळे दाजीच म्हणतात, आडनाव त्यांच्या बायकोला ठाऊक असेल तर असेल. हे दाजी आधी सरकारी नोकरीत जमिनीच्या मोजणीला होते. निवृत्त झाल्यावर जमीन सोडून आकाश मोजायला लागले. मला दारात बघून त्यांनी आधी चष्मा पुसला.

"सर, तुम्ही? रस्ता चुकलात का?"

"मुलीचं बघायचं होतं. गुप्त ठेवा."

"जन्मवेळ?"

"साधारण चार."

"साधारण?" दाजींचा आवाज चढला. "साधारण चार म्हणजे काय? पहाटे का संध्याकाळी? पुरावा आहे? सर, मी नोकरीत असताना पुराव्याशिवाय बांधाचा दगड हलवला नाही. आता ग्रह हलवू?"

आता बघा. बाकीचे ज्योतिषी चहा संपायच्या आत भविष्य सांगतात, आणि माझ्या नशिबी... माझ्या वाट्याला हा कागदपत्रांचा भुकेला आला. रियाच्या जन्माच्या वेळी मी महाडला दहावीचे पेपर तपासत होतो. वेळ फक्त हिला माहीत. हिला विचारावं तर 'कशाला हवी?' हा प्रश्न आलाच, आणि ग्रहांनी आपणहून बोलावं असं मला हवं होतं, मी त्यांना बोलवून आणलं असं दिसायला नको होतं.

रिया जिथे जन्मली ते नर्सिंग होम कधीच बंद पडलंय. त्याची जुनी रजिस्टरं एका कचेरीत जमा आहेत असं कळलं. कुठल्या ते सांगत नाही, मला अजून पेन्शन मिळवायची आहे. खिडकीपाशी गेलो तर आत काशिराम. माझाच विद्यार्थी. नववीत दोनदा बसलेला.

"सर! या, या. जन्मवेळ कशाला पाहिजे? अर्जात कारण लिहावं लागतं." मग आवाज खाली आणून, "पत्रिकेला तर नाही ना? तुमचं भाषण ऐकून माझ्या बापाने माझी पत्रिका गाढी नदीत सोडली, सर. अजून घरात त्यावरून भांडण आहे."

"छे छे! पत्रिका कसली? परदेशी जाण्यासाठी."

"मग पासपोर्टची झेरॉक्स जोडा."

खोटं बोलायचं तर ते सरकारी खिडकीवर बोलू नये, तिथे त्यालाही पुरावा लागतो. पासपोर्ट रियाच्या कपाटात. तो चोरासारखा काढला. मग स्टँपपेपरवर प्रतिज्ञापत्र, मग नर्सिंग होम बंद झाल्याचा दाखला, म्हणजे जे नाही ते नाही असं कोणीतरी लिहून द्यायचं. पाच खेपा झाल्या. शाळेत मी पाच दिवस 'दाढ दुखते' सांगितलं, सहाव्या दिवशी ती खरोखर दुखायला लागली. शेवटी काशिरामने रजिस्टर काढलं. ते दोन हजार पाचच्या पुरात भिजून पापडासारखं वाळलेलं. रियाच्या नावापुढे स्वच्छ लिहिलेलं, चार वाजून दहा मिनिटं. पुढे पहाट की संध्याकाळ लिहिलं होतं तिथे नुसता निळा डाग.

दुसऱ्या कोणी कपाळावर हात मारला असता. मी आनंदाने काशिरामचा हात दाबला. एक सोडून दोन पत्रिका हातात आल्या होत्या! वाईट असेल ती घ्यायची.

राहिला कल्पेश. त्याला चहाला बोलावलं आणि सहज विचारल्यासारखं विचारलं. तो म्हणाला, "काका, घड्याळ कुठलं घरात तेव्हा? आई सांगते, पुनवेची भरती होती. पाणी पूर्ण चढलं, जरा उतरायला लागलं, तेव्हा मी झालो. दिवसाची." मला वाटलं, आता दाजी हाकलून देणार. पण दाजी एकदम खूश. "ह्याला म्हणतात पुरावा! पुनवेला आपल्याकडे भरती बाराच्या सुमारास भरते. म्हणजे साडेबारा धरू. समुद्र खाडाखोड करत नाही, सर. तुमच्या नर्सिंग होमपेक्षा बरा."

दाजींनी कॉम्प्युटर लावला. त्यांचा कॉम्प्युटर आधी गणपतीची आरती म्हणतो, मग चालू होतो. पहाटेची वेळ घातली. गुण एकोणतीस.

"छत्तीसपैकी?" मी विचारलं.

"मग काय शंभरपैकी? अठराला पास."

"संध्याकाळची घाला."

संध्याकाळची घातली. तेहतीस! दाजींनी खुर्ची मागे सरकवली आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू हे ग्रह मीच ओळीने बसवले होते. "सर, अशी जुळणी वर्षात एखादी. पेढे आणा."

"मंगळ?" मी आशेने विचारलं.

"नाही."

"एक नाडी?"

"वेगळ्या. उत्तम."

"जरा नीट बघा ना. शनी वगैरे काही? बारीकसारीक असलं तरी चालेल."

दाजींनी चष्मा काढला. "सर, तुम्हाला नक्की पाहिजे काय?"

इथे मी कायमचा घसरलो. म्हणालो, "दाजी, तुमचा अनुभव दांडगा. एखादा दोष काढता नाही येणार? बाराच्या आत गुण बसले तर..." दाजी उठून उभे राहिले. चाळीस वर्षांत आपण कोणाची हद्द वीतभर सरकवली नाही, लाखांची आमिषं आली तरी नाही, हे त्यांनी मला उभ्या उभ्या सुनावलं. विज्ञानाच्या मास्तराला ज्योतिषी प्रामाणिकपणा शिकवतोय आणि मास्तर मान खाली घालून ऐकतोय, हे चित्र मी कोणाच्याही नजरेस पडू दिलं नसतं. पण नेमक्या त्याच वेळी आमच्या खालच्या मजल्यावरच्या सत्यवतीबाई आपल्या भाच्याची पत्रिका घेऊन दारात उभ्या! त्यांनी पाहिलं ते एवढंच, पडद्यावरचे तेहतीस गुण आणि माझी खाली गेलेली मान.

सत्यवतीबाईंना बातमी सांगायला तोंडसुद्धा उघडावं लागत नाही, त्या जिना चढल्या की ती आपोआप पसरते. मी घरी पोचेपर्यंत सोसायटीला कळलं होतं, की सर लेकीच्या प्रेमापोटी आपली तत्त्वं गुंडाळून दाजींकडे गेले आणि तेहतीस गुण निघाले. जिन्यात दोघांनी हात मिळवला. सत्यवतीबाई म्हणाल्या, "सर, तुम्ही दगडाचे आहात असं मला वाटायचं. शेवटी बापाचं काळीज!" वर सल्लाही दिला, की हॉल आत्ताच बुक करा, मे महिन्यात मिळत नाहीत.

घरात शिरलो तर आमची ही डोळे पुसतेय. हायसं वाटलं. म्हटलं, रडतेय, चांगलं लक्षण. तर ती म्हणते, "अहो, तेहतीस! आपले किती जुळले होते माहितीये? एकोणीस! माझ्या मनात जो किंतु होता ना, तो गेला बघा." आणि तिने देवापुढे साखर ठेवली. घरात नकार देऊ शकेल असं जे एक माणूस होतं, ते मी माझ्या हाताने फितूर केलं होतं. रिया मला बिलगली आणि म्हणाली, "थँक्यू, बाबा." त्या दिवसाइतकं लाजिरवाणं मला आयुष्यात कधी वाटलं नाही. तरी मी ताळ्यावर आलो नाही, हे माझं वैशिष्ट्य.

आमच्या नाक्यावर कमरुद्दीनचं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. कुवेतला चौदा वर्षं काढून आलेला माणूस, दोस्त माझा. त्याला सगळं सांगितलं आणि विचारलं, "दाजींच्या पत्रिकेसारखी एक पत्रिका टाइप करता येईल का? गुण तेवढे अकरा."

कमरुद्दीनने मशीन बंद केलं. "सर, लडका पसंद नाही का?"

"तसं नाही..."

"पसंद नाही तर तोंडाने सांगा ना. अल्लामियाँला मधे कशाला घेता? माझ्या जास्मीनच्या वेळी मी दोन महिने 'इस्तिखारा करतो, इस्तिखारा करतो' करत बसलो, म्हणजे नमाज पढून अल्लाचा कौल मागायचा. खरं तर मला मुलाचा बाप आवडला नव्हता. शेवटी बायकोने, सकीनाने, माझं जेवण बंद केलं."

"मग?"

"मग काय, मुलीचा निकाह झाला. आता तो बाप रोज फोन करतो. अजून आवडत नाही मला." एवढं बोलून त्याने मला दुकानाबाहेर काढलं. टाइप करून दिलं नाहीच.

आता आशा उरली एकच. कल्पेशने सांगितलं, "काका, पत्रिकेवर आमच्याकडे काही नसतं. बाबा देवीला कौल लावणार आहेत, रविवारी. देवी हो म्हणाली की झालं. तुम्ही सगळे या." मी विचारलं, "आणि नाही म्हणाली तर?" तो हसला. "तर बाबा ऐकत नाहीत कुणाचं."

मी इतक्या उत्साहाने तयार झालो की हिला भरून आलं. रविवारी उरणची एसटी धरली. कंटेनरच्या रांगेत दोन तास गेले, पण माझी तक्रार नाही. व्याख्यानांत मी कौलाची किती टिंगल केली होती! देवीच्या अंगावर उजव्या नि डाव्या बाजूला ओल्या कळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. 'कळी पडते ती पाणी वाळल्यामुळे, तिला तुमच्या लग्नाशी काय देणंघेणं?' ह्या वाक्याला हमखास हशा यायचा. त्या रविवारी मात्र मी हात जोडून गाभाऱ्यापुढे उभा होतो आणि डाव्या कळीकडे डोळे लावून गुरुत्वाकर्षणाला मनोमन विनवत होतो.

बुधाजी माझ्या शेजारी. काळाकभिन्न, उंच, बोलणं कमी. पुजाऱ्याने कळ्या लावल्या. घंटा वाजली. उजवी कळी टपकन् पडली.

बायकांनी आनंदाने हात जोडले. मी बुधाजींकडे पाहिलं आणि चकित झालो. तो चेहरा मी ओळखत होतो. गेला महिनाभर दाढी करताना आरशात रोज बघत होतो.

"परत लाव," बुधाजी पुजाऱ्याला म्हणाले. "वारा आला मगाशी."

"कुठला वारा?" कल्पेशची आई शांती म्हणाली. "पान हालला नाय."

परत लावल्या. परत उजवी. बुधाजींनी घाम पुसला. मला राहवेना. मी पुढे सरसावून म्हणालो, "शास्त्राप्रमाणे प्रयोग तीनदा करतात. दोन निरीक्षणांवरून निष्कर्ष काढू नये."

"सर बरोबर बोलतान," बुधाजी म्हणाले. इतक्या लगबगीने माझ्या म्हणण्याला दुजोरा आजवर कोणी दिला नव्हता. तिसऱ्यांदा कळ्या लागल्या. आम्ही दोघे बाप श्वास रोखून डावीकडे बघत राहिलो. उजवीच पडली. आणि डावी अशी घट्ट बसली की पुजाऱ्याला ती नखाने काढावी लागली.

शांती तडकली. "देवीला किती वेला इचारशील? तिला काय दुसरी कामा नाय?"

तेवढ्यात रिया पुढे आली. गाभाऱ्यापुढे, सगळ्यांदेखत. "बाबा, मी कळीकडे बघत नव्हते. तुमच्याकडे बघत होते. माझा पासपोर्ट कपाटातून काढलात, तो परत ठेवताना कचेरीची पावती आतच राहिली. ती बघून तेव्हाच मी काशिरामना विचारून आले होते. आणि दाजींकडे मी पेढे घेऊन गेले. त्यांनी सगळं सांगितलं."

हिने माझ्याकडे पाहिलं. "काय सांगितलं?"

"बाबांना गुण कमी करून हवे होते."

रिया म्हणाली, "बाबा, तुम्हाला कल्पेश नको आहे, तर नको म्हणा. तुमच्या तोंडाने. ग्रहांशी मी कुठे भांडू? तुमच्याशी भांडता येईल."

तीनशे लोकांपुढे घडाघडा बोलणारा मी, आणि दोन अक्षरं निघेनात. शेवटी म्हणालो, "नको."

"का?"

आणि विज्ञान शिकवून म्हातारा झालेल्या माणसाच्या तोंडून कारण काय बाहेर पडावं? "मासे."

"काय?"

"घरात... वास... नातेवाईक काय म्हणतील... आपल्यातलं कोणी..." मी बोलत गेलो तसतसं मलाच ते इतकं भिकार वाटायला लागलं की अर्ध्यावर थांबलो. कल्पेश जमिनीकडे बघत होता. त्याच्याकडे बघवेना.

रिया बुधाजींकडे वळली. "आणि बाबा, तुम्ही?"

बुधाजींनी खाकरून घसा साफ केला. "शेरातली पोरगी. कोलंबी सोलाला सांगली त रडंल. गाववाले हासतील."

"तुझा कोलंबीवर येवरा जीव असंल त तूच सोल," शांती म्हणाली.

"झालं," रिया म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज जागचा हलला नाही. "दोघांचंही म्हणणं नको असं आहे. ऐकून घेतलं. लग्न नऊ मेला आहे, आम्ही रजिस्ट्रारकडे नोटीस देऊन आलोय. तुम्ही यायचं की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. ह्यासाठी दाजींकडे जायचं नाही आणि देवीलाही विचारायचं नाही." ती कल्पेशला घेऊन बाहेर पडली. ही तिच्या मागोमाग गेली, शांती त्यांच्या मागोमाग. माझ्याकडे कोणी वळून पाहिलं नाही.

आम्ही दोघे चालत चालत मोऱ्याच्या धक्क्यावर आलो. मुंबईची लाँच सुटत होती. बराच वेळ बसलो. मग बुधाजी म्हणाले, "सर, तुमी जानार काय लग्नाला?"

"तुम्ही?"

"तुमी गेलाव त मी जाईन."

"मीही तेच म्हणणार होतो. तुम्ही गेलात तर..."

बुधाजींनी खिशातून एक रुपया काढला. "छाप पडला त जायाचा. काटा पडला त घरी बसायाचा." मी मान डोलावली. मला बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू? त्यांनी रुपया उडवला, मनगटावर झेलला आणि वर दुसरा हात दाबून धरला. होडीच्या दोरांनी घट्टे पडलेला तो रुंद हात. आम्ही दोघे त्या हाताकडे बघत बसलो. लाँच धक्क्यापासून लांब गेली.

"काढू काय?" बुधाजींनी विचारलं.

माझ्या डोळ्यांपुढे काटा आला. काटा पडलेला असता तर मी नऊ मेला नवीन पनवेलच्या घरात एकटा बसलो असतो, आणि रिया तिकडे हार घालत असती. मी बुधाजींच्या हातावर माझाही हात दाबला.

"नका काढू," मी म्हणालो. "आपण जाऊ."

बुधाजींनी न बघताच रुपया खिशात टाकला. मग हळूच म्हणाले, "सर, जेवन तुमचा शाकाहारी ठेवू काय?"

मी समुद्राकडे बघितलं. नाकात तो वास शिरला होताच.

"मासे ठेवा," मी म्हणालो. "कोलंबी सोलायला मी येतो."